दर्याला दिलेलं

३ जुलै, गुरुवार

टाकीचे आकडे मोबाइलमध्ये ठेवते. इथे बाकीचं लिहायचं ठरवलं आहे, कारण बाकीचं सांगायला घरात कुणी नाही.

मांद्र्याला गोकुळदासबाबांच्या नव्या बंगल्यात काम लागलं. त्यांची किनाऱ्यावर तीन गेस्टहाउसं आहेत. हॉलची जवळजवळ अख्खी भिंत म्हणजे काचेची टाकी, हजार लिटरची. आत मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, मासे, कोळंबी, गोगलगायी, आणि जिवंत पोवळी. आधीचा माणूस मुंबईहून महिन्यातून एकदा यायचा. मी रोज जाणार. पाण्याचा खारेपणा, चुना, उष्णता मोजायची, वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरायचं, काच खरवडायची, गाळण्या धुवायच्या, आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, की टणक सांगाड्याची पोवळी यात नाहीत ना, ती ठेवायला कायद्याने बंदी आहे. ते हसले. "अगे, तुका टाकयेच्या कामाक घेतलां, पोलिसांत न्हय." मग म्हणाले, सगळी मऊ आहेत, तूच बघ. मी एकेक बघितलं. मऊच आहेत. तरी येताना धारगळच्या हायवेपर्यंत वाटत राहिलं, की त्यांना अपमान वाटला असेल.

घरी बाबांनी विचारलं, "मासे सांभाळूक येमेस्सी लागता काय गो?"

आई म्हणाली, "तुमका ट्रक चलवूक लायसन लागता ना? तसाच ता."

आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी जे काही करते ते शाळेचंच यश असतं, आणि चुकले तर तेही शाळेचंच.


७ जुलै, सोमवार

गोकुळदासबाबांच्या आईला सगळे माई म्हणतात. नाव कमलाक्षी. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. मी पोचायच्या आधी पूजा आटोपून टाकीसमोरच्या आरामखुर्चीत बसलेल्या असतात. त्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढंच. मला "बाय" म्हणतात.

दहा वाजता चहा मिळतो. माझ्यासाठी वेगळा कप ठेवला आहे, निळ्या फुलांचा. बाकी सगळ्यांचे पांढरे. तो मागच्या दारच्या खिडकीत उपडा असतो. तो मी घ्यायचा, स्वयंपाकाची पार्वती वरून चहा ओतते, पिऊन झाला की विसळून परत तिथेच ठेवायचा. मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरात एक वस्तू आपल्या वाट्याची.

रात्री जेवताना आईला सांगितलं. तिने विचारलं, "खय ठेवतत तो?"

"खिडकीत."

"भायल्या अंगाक?"

हो म्हटलं. ती ताट घेऊन उठली. तिला झोप आली असावी, दिवसभर भाताच्या लावणीला होती.


१५ जुलै, मंगळवार

आज माईंनी विचारलं, "गो बाय, ह्या फातरांक तूं कितें भरयता?"

मी पिचकारीने पोवळ्यांना खाणं देत होते. म्हटलं, हे फातर नाहीत, दगड खालचा. वरचं सगळं जिवंत आहे. एक झुपका दाखवला, लहान मुलाच्या मुठी मिटाव्यात-उघडाव्यात तसा तो सारखा उघडमीट करतो. त्याच्या हजार तोंडांबद्दल सांगितलं, आत राहून त्याला अन्न करून देणाऱ्या शेवाळाबद्दल सांगितलं. पाणी खऱ्या समुद्रासारखं राहिलं नाही तर ते जगत नाहीत, हेही.

त्या खुर्चीतून उठल्या, काठी टेकत काचेजवळ आल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. "म्हणजे दर्याच घरा आयला म्हण."

लग्न होऊन आल्यापासून दर पुनवेला त्या किनाऱ्यावर जाऊन दर्याला काही ना काही देऊन यायच्या. आता किनाऱ्याची वाट पाहुण्यांच्या खाटांमधून जाते, आणि गुडघेही तेवढं चालू देत नाहीत. "तीन वर्सां जालीं, हांवें दर्याक तोंड दाखयलें ना," म्हणाल्या.

मी आजवर कुणाला काही शिकवलं नव्हतं. पहिली विद्यार्थिनी ब्याऐंशी वर्षांची मिळाली आणि तिला एका दिवसात समजलं. येताना गाडीवर गाणं म्हणत होते. कोलवाळच्या पुलावर एका ट्रकवाल्याने बघितलं, मग गप्प झाले.


२८ जुलै, सोमवार

गोकुळदासबाब खूश आहेत. मोरजी आणि आश्वें मिळून चार बंगल्यांत अशा टाक्या आहेत, सगळे त्यांच्या ओळखीचे. "चवथीक सगळे हांगा येतले. टाकी पळयतले. मागीर हांव तुका चारूंय घरां करून दितां." म्हणजे गणपतीनंतर माझा स्वतःचा धंदा होईल. कुणाची नोकर नाही. मी हे अजून बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं की ते पिंपळकट्ट्यावर सांगतील, आणि मग ते झालंच पाहिजे.


९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. माईंनी मला पानात गुंडाळून नारळाची वडी दिली, खिडकीतून.

गाळणीत तुळशीचं पान सापडलं, आणि एक तांदळाचा दाणा, कुंकू लागलेला. देवघर हॉललाच लागून आहे, पंख्याने उडून आलं असणार. टाकीच्या झाकणाची फट बुजवायला हवी.

माईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुजे दीस केन्ना येतात गो?" मी सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यात. म्हणाल्या, ते चार दिवस पाण्यात हात घालू नको, पार्वतीला सांग. मी म्हटलं, पार्वतीला जमणार नाही, आणि चार दिवस हात न लावता चालणार नाही. त्यांनी जपमाळ हातात घेतली. त्या दिवसांत मला विश्रांती मिळावी असं त्यांना वाटत असेल. माझ्या आईने असं कधी विचारलं नाही. लावणी असली की आम्ही सगळ्या वाफ्यातच.


१४ ऑगस्ट, गुरुवार

काच साफ करणाऱ्या गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या होत्या. सरळ केल्या, परत पडल्या. लाल-पांढरी कोळंबी दिसत नाही. उघडमीट करणारा झुपका थांबला आहे.

मासे मात्र मजेत.

सगळे आकडे दोनदा घेतले. सगळे ठीक. म्हणजे मी मोजायला चुकते आहे, किंवा जे मोजायला हवं ते मोजत नाही.


१७ ऑगस्ट, रविवार

काल हातांना भेगा पडल्या म्हणून मलम लावलं होतं. धुतलं होतं, पण नीट धुतलं होतं का? चवथीसाठी वरच्या मजल्यावर रंग चालला आहे, त्याचा वास हॉलपर्यंत येतो. पार्वती डासांची कॉइल लावते, ती बंद करायला सांगितली तर म्हणाली, "मगे डास तुजे मासे खातले?" पाणी बदललं, घाण शोषून घ्यायला कोळशाची पिशवी टाकली. झुपका लोंबायला लागला आहे, शिजवल्यासारखा.

माझे दिवस सुरू झाले. खांद्यापर्यंतचे हातमोजे घालून काम केलं. मी पाण्यात हात घालायला लागले तेव्हा माई म्हणाल्या, "जाले?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही, नंतरही नाही. त्यांनी पार्वतीला हाक मारून खुर्ची फिरवून घेतली, टाकीकडे पाठ करून. मरणारे जीव त्यांना बघवत नसतील.

चहा आज पायरीवर मिळाला.


२० ऑगस्ट, बुधवार

चामड्याच्या पंख्यासारखं मोठं पोवळं होतं, ते मुठीएवढं झालं. मेलेला भाग काढून टाकला. हाताला वास राहिला, डोकं धुतलं तरी जात नाही.

गोकुळदासबाब रंगाऱ्यांसमोर म्हणाले, "मुंबयचो मनीस म्हयन्यांतल्यान एक फावट येतालो, गोगलगाय सुद्दां मेली ना. तूं रोज येता आनी मसणवट जाली. शिकलां खंय तूं?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. एक रंगारी हसला. मग कळलं की त्यांनी ते विचारलं नव्हतं.

मासे धडधाकट आणि बाकी सगळे मरतात, हे तांब्याचं लक्षण, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं. माशांना औषध म्हणून देतात तेवढं तांबं कोळंबीला आणि पोवळ्याला पुरेसं असतं. पण इथे तांबं कुठलं? नळ्या प्लास्टिकच्या, पंप प्लास्टिकचे, पाणी थंड करायचं यंत्र उघडून बघितलं, तेही चांगलं. तरी म्हापशाच्या दुकानातून तपासायचं औषध मागवलं आहे.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

औषध घेऊन गेले, थेंब टाकले, कार्डावरच्या रंगाशी जुळवून बघितलं. तांबंच. तीनदा बघितलं. मला आधी आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. माझी चूक नव्हती म्हणून आनंद.

मग खडकांच्या मागची वाळू चाचपायला लागले. तिथे काचेतून दिसत नाही. बोटांना काही गोल लागलं. पैसा. पोर्तुगीज वेळचा जाड तांब्याचा पैसा, हिरवा-निळा झालेला, कडा खाऊन गेलेल्या. मग आणखी. सगळे टाकीच्या एकाच टोकाला, देवघराच्या बाजूच्या.

माई मागे बसल्या होत्या. मी ओल्या हातावर ते धरून विचारलं, "माई, हे कुणी घातले?"

"कोण घालतलो? हांवेंच." आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "तूंच न्हय सांगलें, दर्या तो म्हण? दर्याक रित्या हातान नमस्कार करतात? रोज तीर्थ घालतां, आनी ऐतारा एक पैसो."

मी खाली बसले, त्यांच्या पायाशी. सांगितलं की तांबं खाऱ्या पाण्यात विरघळतं, आणि या जिवांना ते विष आहे.

त्या हसल्या. "तांबें विख? गो बाय, तांब्याच्या कळशेंतलें उदक पियेवन हांव ब्याऐंशी जालां."

"माणसाला चालतं, माई. यांना नाही चालत."

"आनी तीर्थ? तीर्थान जीव मरता?"

मी म्हटलं, तीर्थ तांब्याच्या कळशीतलं असतं ना. त्या टाकीकडे बघत राहिल्या. झुपक्याच्या जागी आता नुसता दगड आहे. त्यांचे डोळे भरले, ते मी बघितलं, ते खोटं नव्हतं.

मी पैसे काढायला लागले तेव्हा म्हणाल्या, "काडूं नाका गो. दर्याक दिल्लें कोण परत घेता?" पण मी काढले. त्यांचे आहेत म्हणून सगळे ताटलीत घालून त्यांच्यापुढे धरले. एकही स्वतःकडे ठेवला नाही. त्यांनी हात पुढे केला नाही. पार्वतीने येऊन पैशांवर पाणी शिंपडलं, मग ताटली घेतली.

"गोकुळाक हांव सांगतां," माई म्हणाल्या. "तूं कांय उलय नाका. फाल्यां हांव सांगतां."

उद्यापर्यंत गप्प राहायला मी बरं म्हटलं. त्यांनी स्वतः सांगितलं तर त्यांचा मान राहील.


२३ ऑगस्ट, शनिवार

माईंनी सांगितलं नव्हतं.

गोकुळदासबाब हॉलमध्ये माटोळीची चौकट छताला बांधून घेत होते. गणपतीवर फळं-भाज्या टांगायची ती चौकट, या वर्षी टाकीच्या अगदी शेजारी येते. मला बघून म्हणाले, "कितें मेळ्ळें?" मी माईंकडे बघितलं. त्या जप करत होत्या. मी म्हटलं, पाण्यात तांबं आहे, आणि माईंना माहीत आहे कुठून आलं.

"आई, कितें म्हणता हें चेडूं?"

माईंनी माळ खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिका विचार, दीस आसतना उदकांत हात घालतालें काय ना."

"आई..."

"विचार म्हणटां न्हय?"

त्यांनी विचारलं नाही. छताला दोरी बांधणारा माणूस शिडीवर तसाच थांबला. मी म्हटलं, "घालत होते. हातमोजे घालून."

"पळय," माई म्हणाल्या. "हांवें आदींच सांगिल्लें. देवाचें उदक तें. विटाळ जालो, आनी मेलीं."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. मला वाटतं रात्रभरात त्यांना ते खरंच पटलं होतं. तीर्थाने जीव मारले, यापेक्षा ते पटायला सोपं असणार.

गोकुळदासबाब माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "तूं खोटें उलयता अशें हांव म्हणना. आयचे पैशे माका खबर आसात, ल्हानपणापसून पळयतां. पूण चवथ तोंडार आसा. सगल्या सोयऱ्यांमुखार तिका सांगूं, तुज्या तीर्थान मेलीं म्हण?"

"मग मी काय सांगू?"

"डोस चुकलो म्हण. तूं ल्हान. लोक विसरतात."

"ती चार घरं?"

ते गाडीच्या आरशाकडे बघत होते. "तीं आतां कशीं दिवपाचीं, तूंच सांग."

मी डोस चुकला असं कुणाला सांगणार नाही. पण तसं मी त्यांना तिथे म्हटलं नाही. तिथे मी म्हटलं, "येते." का म्हटलं ते कळत नाही.


२५ ऑगस्ट, सोमवार

आश्वेंच्या बंगल्यात स्वतःहून फोन केला. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "तूच ना ती, औषध जास्त घातलंस ती? होतं गं सुरुवातीला. अजून थोडा अनुभव घे."

मी तांब्याबद्दल सांगायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, की दुसऱ्यावर ढकलू नये.


२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. बाबांनी आरतीनंतर शेजाऱ्यांना सांगितलं, की माझं काम मांद्र्याला आहे, मोठ्या घरात, त्यांना माझ्याशिवाय चालत नाही. मी अजून घरी सांगितलेलं नाही. आई माझ्याकडे बघत होती.


३० ऑगस्ट, शनिवार

माझे हातमोजे आणि खारेपणा मोजायचं साधन तिथे राहिलं होतं. आणायला गेले. दीड दिवसाचा त्यांचा गणपती विसर्जन झालेला. माटोळी अजून टांगलेली होती, टाकीवर तिची सावली.

टाकी झगमगत होती. मला दारातच थबकायला झालं. लाल, जांभळी, केशरी पोवळी, एकही मिटलेलं नाही. जवळ गेले तेव्हा दिसलं, प्लास्टिकची आहेत. खाली चिकटवायच्या चकत्यासुद्धा दिसत होत्या. मासे त्यांच्यातून फिरत होते. पार्वती म्हणाली, सगळ्या पाहुण्यांनी फोटो काढले, पहिल्यापेक्षा बरी दिसते म्हणाले. ते आश्वेंचे लोकही होते.

समोर, अगदी काचेलगत, वाळूवर एक पैसा पडला होता. चिंचेने घासलेला, सोन्यासारखा चमकणारा. आता लपवायचं कारण नव्हतं.

माई खुर्चीत होत्या. बारीक झाल्यासारख्या वाटल्या. "जेवली गो बाय?" त्यांनी विचारलं, पहिल्यासारखंच, तितक्याच मायेने. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी मान हलवली. त्यांनी पार्वतीला खूण केली. पार्वतीने मागच्या खिडकीतला निळ्या फुलांचा कप आणून टेबलावर ठेवला, माझ्या हातात नाही.

"व्हर तो," माई म्हणाल्या. "हांगा दुसरो कोण वापरचो ना."

घेऊन जा म्हटल्यावर मी तो उचलला. मालाच्या ट्रकांमागून येताना तो पिशवीत हातमोज्यांत गुंडाळलेला होता, आणि मी त्या वाक्याचा विचार करत होते. मला तो आधी आठवणीसाठी दिला असं वाटलं. धारगळ आलं तेव्हा तसं वाटेनासं झालं. मग मागचे सगळे चहा एकेक करून आठवले, खिडकी, वरून ओतणं, पायरी, नारळाची वडी. एम.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता.

घरी आईला सगळं सांगितलं, पैशांपासून प्लास्टिकपर्यंत. ती चुलीपुढे होती. शेवटी कप दाखवला. तिने तो हातात घेऊन आतून बघितला, बाहेरून बघितला, नखाने फुलावर टिचकी मारली.

"बरो आसा," म्हणाली. "माझ्या वक्ताक करवंटी होती. परसात माडाक अडकवलेली. तू शिकलंस, म्हणान कप."

मी विचारलं, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच का नाही बोललीस.

"तू खुशीत होतंस गो."

बाबांना तिनेच सांगितलं, कारण न सांगता. काम संपलं एवढंच. ते ट्रकखाली जाऊन काहीतरी ठोकत बसले. ट्रक कालच दुरुस्त होऊन आला होता.

कप कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आहे. आईने पाणी भरून ठेवला. मी फेकून दे म्हटलं, तर म्हणाली, चांगली वस्तू कशाक फेकूची.